जावई उठेपर्यंत

६ मार्च

आज पुन्हा तेच. हे सकाळी कारखान्यात गेले, बटण दाबलं. मी चहा ठेवला, उकळला, गाळला, ह्यांना नेऊन दिला, माझा प्यायले, दोन्ही कप विसळले, तरी जावई काही उठला नव्हता.

जावई म्हणजे आमचा कॉम्प्युटर. नाव ह्यांनीच ठेवलंय. बोलावून येत नाही, आला तर धड बोलत नाही, आणि रुसला की अख्खं घर त्याच्यापुढे हात जोडून उभं. भरतकामाच्या मशीनला मी सवत म्हणते, ते वेगळं. तिच्याकडे हे जितकं निरखून बघतात तितकं मला बघायला आले होते तेव्हाही बघितलं नव्हतं.

कारखाना आपलं म्हणायचं म्हणून. घराच्या मागची लांबट खोली आहे ती. एका टोकाला जावई, दुसऱ्या टोकाला सवत, मधे माझं टेबल. हे कॉम्प्युटरवर चित्र बसवतात, कुठला टाका कुठून कुठे जाईल ते ठरवतात, मग ते पेन ड्राइव्हवर घालून मशीनला देतात आणि मशीन खडखडाट करत बिल्ले भरते. मी बॉबिन भरते, मागचे दोरे कापते, बिल्ले मोजून पिशवीत घालते. मशीनच्या सुया मला कळतात. कॉम्प्युटरला मी आजवर हात लावलेला नाही, फडकंसुद्धा हेच मारतात.

दुपारी गणवेशवाला आला. आमचं सगळं काम त्याच्याच हातातलं, शाळांचे गणवेश तो शिवतो आणि खिशावरचे बिल्ले आमच्याकडून घेतो. सगळ्यात मोठं काम होडीच्या शाळेचं. निळ्या कापडावर पांढरी होडी, वर पिवळा तारा, खाली तीन लाटा. ते चित्र ह्यांनी स्वतः काढलेलं, शाळा नवीन होती तेव्हा. गणवेशवाल्याने पिशवी टेबलावर उपडी केली. तारा आकाशात नव्हता, होडीच्या पोटात होता.

"शाळा बुडवायला घेतली की काय?" म्हणाला.

"कॉम्प्युटर मधेच अडकतो हो," हे म्हणाले. "अडकला की चित्र सरकतं."

मग सरकणारच की. मी म्हटलं, आम्ही बदलून देतो. हे खाली बघून बिल्ले पिशवीत भरत बसले.

ही डायरी लेकीने पाठवली ती तशीच पडून होती. आता लिहायला घेतलीय, कारण ह्यांच्याशी भांडायला हल्ली मजा येत नाही. मी एवढं बोलते आणि हे म्हणतात "बरं". पूर्वी एका शब्दाला चार शब्द मिळायचे.

९ मार्च

ह्यांना नवा चष्मा केला. गणवेशवाल्यानेच डोक्यात भरवलं होतं की नजर अधू झाली असेल. दुकानात ह्यांनी सगळ्या ओळी धडाधड वाचल्या, अगदी खालची मुंगीएवढी सुद्धा. नंबर होता तोच. तरी काच चरे पडलेली म्हणून बदलली. रोग रेड्याला, औषध पखालीला! बिघडलाय तो कॉम्प्युटर आणि चष्मा बदलला ह्यांचा.

घरी आल्यावर दोऱ्याची रिळं पुसायला काढली. ह्यांची शिस्त अशी, फिक्या रंगापासून गडद रंगापर्यंत ओळीने लावायची. आज पांढऱ्याशेजारी लाल आणि काळ्यामधे पिवळं. मी विचारलं तर म्हणाले, "जावयाने लावली असतील, त्याला रंग कुठे कळतात?" मला हसू फुटलं. तेही हसले. मी परत नीट लावून ठेवली.

१४ मार्च

लेकीचा फोन.

"आई, बाबा कसे आहेत?"

"बाबांना काय धाड भरलीय? कॉम्प्युटरची विचारपूस कर."

"मागच्या वेळी त्यांनी मला एकाच फोनमध्ये एकच गोष्ट तीनदा सांगितली."

"तुझे बाबा पहिल्यापासून तसेच. त्यांचा एकच विनोद मी लग्नापासून ऐकतेय."

ती गप्प बसली. ही मुलगी गप्प बसली की मला राग येतो. लांब राहून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि वर गप्प बसायचं! मग म्हणाली, कॉम्प्युटर हळू चालत असेल तर नवा घ्यायची गरज नाही, आतली हार्डडिस्क बदलून एसएसडी बसवून घ्या, जुनं मशीनसुद्धा पळायला लागतं. हे मात्र कामाचं बोलली. गणवेशवाल्याने परवा स्पष्ट सांगितलंय की शाळा सुरू होण्याआधी होडीचे बिल्ले वेळेत आणि बरोबर मिळाले नाहीत तर तो पलीकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या कारखान्यात काम देईल. त्याचंही चुकत नाही, पोरांच्या खिशावर बुडकी होडी कोण लावेल?

काम गेलं तर मी निभावेन. मला ओळखीची चार घरं आहेत, शेजारी आहेत, तोंड आहे. ह्यांचं काय? ह्या माणसाला ह्या खोलीबाहेर काही येत नाही. आजारी पडले तरी सवतीजवळ खुर्ची टाकून बसतात. ती खोली बंद झाली तर हे बसतील कुठे, असं मनात आलं.

१८ मार्च

कॉम्प्युटरवाली येऊन गेली. मला वाटलं होतं कोणीतरी बाप्या येईल. आली एक चुणचुणीत बाई, केस वर बांधलेले, तोंडात स्क्रू धरून बोलते. बटण दाबलं आणि हातावर हात ठेवून बसली. बसली, बसली. मग म्हणाली, "काकू, हा रोज एवढा वेळ घेतो? तुमच्या सहनशक्तीला नमस्कार."

तिने सांगितलं ते मला पटकन कळलं. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक काटा तिच्यावर जागा शोधत बसतो. म्हातारी झाली की शोधायला वेळ लागतो. काही जागा खराब होतात, तिथे काटा परत परत जातो आणि हात हलवत परत येतो. ती कटकट कटकट तीच. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, मागितलं की हजर.

"मग आजच बसवा," मी म्हटलं.

हे कॉम्प्युटरच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. "चालतोय की," म्हणाले. "थोडा वेळ घेतो, एवढंच. माणसाला नाही का लागत?"

"माणसाला लागला तर गिऱ्हाईक थांबत नाही," मी म्हटलं.



२१ मार्च

नवी डिस्क बसली. केवढीशी ती, बिस्किटाएवढी!

आधी जुन्यातलं सगळं नव्यात उतरवायचं होतं. ते चालू असताना कॉम्प्युटरवालीने मला बोलावलं. "काकू, हे बघा. ही होडीची एकच फाइल काकांनी किती वेळा ठेवलीय." पडदाभर होड्या. खाली सरकवलं तरी होड्याच. होडी नवीन. होडी नवीन खरी. होडी हीच. हीच घ्या. हीच घ्या शेवटची. होडी शेवटची नंतरची. जत्राच म्हणायची. तिने दोन-तीन उघडून दाखवल्या. एकीत तारा डावीकडे, एकीत लाटा दोनच, एकीत होडी उलटी.

"काका प्रयोग करत असतील," ती म्हणाली, पण माझ्याकडे बघून.

"काळजी हो, काळजी," मी म्हटलं. "जाईल म्हणून परत परत ठेवतात. स्वभावच तसा."

हे तेव्हा बाहेर दोरा आणायला गेले होते. मला वाटलं, बरी वेळ आहे, साफसफाई करून टाकू. घर बदलताना आपण जुना कचरा नव्या घरात नेतो का? मी म्हटलं, ह्यातली एकच ठेवा, बाकी काढा. ती म्हणाली, राहू द्या काकू, ह्या फाइली जागा खात नाहीत, काकांना विचारून ठरवू. मी कुठली ऐकतेय! ह्यांना विचारलं तर एकही काढू देणार नाहीत, आणि उद्या परत ह्याच जत्रेत हरवतील. मी म्हटलं, शेवटची ठेवलेली तेवढी राखा. शेवटची ती सगळ्यात सुधारलेली. शिवणात तसंच असतं, शेवटचा हात फिरला की काम पक्कं.

"आणि जुनी डिस्क? जपून ठेवा, अडीअडचणीला होते."

"पुसा," मी म्हटलं. "दोन दोन ठिकाणी दोन दोन होड्या नकोत." दोनदा विचारलं तिने. मग पार कोरी केली आणि नेली, म्हणाली दुकानात सुटा भाग म्हणून पडून राहील.

इतकं हलकं वाटलं मला. माळा आवरल्यासारखं.

२२ मार्च

बटण दाबलं आणि मी चहाचं भांडं उचलायच्या आत जावई उठून, तोंड धुऊन, हजर! मी टाळ्याच वाजवल्या. ह्यांना म्हटलं, आता बघा, दुपारपर्यंत होड्याच होड्या.

हे पडद्याकडे बघत होते. मी दोन वेळा हाक मारली तेव्हा मान वळवली.

२४ मार्च

कॉम्प्युटर पळतो आणि काम मात्र जागेवर. काल दिवसभर आणि आज दिवसभर हे खुर्चीत. मी विचारलं, "झालं का?" तर म्हणाले, "सुरू होतोय." मी वाकून बघितलं तर पडदा लख्ख सुरू, सगळी चित्रं समोर मांडलेली, बाण तेवढा मधेच थांबलेला.

"अहो, झालाय की सुरू!"

"हो का? हो. झालाय."

आणि बाण एकदा ह्या चित्रावर नेतात, एकदा त्या. दाबत नाहीत. मी तिथेच उभी राहिले. माझा पारा चढायला लागला होता, म्हणून बोलले, "डिस्क बदलली तरी तुमचं आपलं जुनंच!" बोलून गेले. ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग मी बॉबिन भरायला बसले, मशीनचा आवाज मोठा असतो ते बरं असतं.

नवीन गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतो. मला नवा कुकर आणला तेव्हा महिनाभर भीती वाटायची. तसंच असणार.

२७ मार्च



काल संध्याकाळी ह्यांनी होडी मशीनला दिली. आज सकाळी मशीन सुरू केली आणि मी देवळात बसावं तशी निवांत दोरे कापत बसले. मान वर केली नाही, कारण गाडी रुळावर आली असं वाटत होतं. पहिला गठ्ठा सुटला. उलटा करून बघितला.

होडी नव्हती. खाली लाटा होत्या, वर तारा होता, बरोबर जागेवर. मधे नुसतं निळं कापड. होडीचं शीड नाही, तळ नाही, काही नाही. मशीनने एक टाकासुद्धा टाकला नव्हता तिथे.

मी ओरडले. "होडी कुठाय?"

ह्यांनी बिल्ला हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, जवळ नेला. अगदी शांतपणे म्हणाले, "आहे की." आणि बोट ठेवलं, निळ्यावर, जिथे असायला हवी होती तिथे. बोटाने तिची कड काढून दाखवली मला, बरोबर, शिडाच्या टोकापर्यंत.

मी आत जाऊन नळ सोडला आणि भांडी घासली. स्वच्छ होती तीच परत घासली.

२८ मार्च

कॉम्प्युटरवालीला बोलावलं. राखलेली फाइल उघडली तर तीच, बिनहोडीची. शेवटची ठेवलेली, मी सांगितलेली. तिने खूप शोधलं. जुनी डिस्क पार पुसल्यामुळे त्यातून काहीच निघणार नाही म्हणाली. माझ्यावर ठपका ठेवला नाही. ठेवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

जाताना दारात थांबली. "काकू, त्या फाइली तारखेने लावल्या होत्या ना मी. पहिली एकदम सुरेख होती. मग हळूहळू..." आणि हाताने उतार दाखवला.

"मग हळूहळू काय?"

"काही नाही. काकांना एकदा डॉक्टरकडे नेऊन आणा."

मी म्हटलं, डोळ्यांचं दाखवून झालंय. ती म्हणाली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नाही.

हल्ली कोणीही उठतं आणि शहाणपण शिकवतं. स्क्रू फिरवायला बोलावलं होतं, स्क्रू फिरवावा.

३१ मार्च

मी ठरवलं, होडी परत बसवायची. ह्यांनीच काढलेली आहे, ह्यांच्या हातात आहे. जुना चांगला बिल्ला शोधला, लेकीच्या शाळेच्या वेळचा डब्यात होता, तो पडद्याला टेकवून ठेवला. शेजारी स्टूल घेऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या टेबलाशी बसले. हे चित्राचा प्रोग्राम उघडतात तो डोळ्यांची पापणी लवायच्या आत उघडला, कोरा पांढरा पडदा, आणि तो बाण.

ह्यांनी माउसवर हात ठेवला. हात छान ठेवतात अजून, बोटं अगदी तयार असल्यासारखी. आणि तसेच राहिले.

"शिडापासून करा," मी म्हटलं.

"हो."

"करा ना मग."

तेव्हा बोलले. इतक्या दिवसांत एवढं लांब पहिल्यांदाच बोलले, म्हणून जसंच्या तसं लिहिते. "हा फार लवकर विचारतो गं. आधीचा उठेपर्यंत मला वेळ मिळायचा. चहा यायचा. त्याची कटकट चालायची, तेवढ्यात मी मनात जुळवून ठेवायचो, आज काय करायचं, कुठून सुरू करायचं. कधी जुळायचं, कधी नाही. नाही जुळलं तर म्हणायचो, अडकलाय. आता दाबलं की लगेच समोर उभा राहतो. विचारतो, बोला. मी तयारच नसतो."

मी म्हटलं, "मग थांबू आपण जरा."

थांबलो. बाण होता तिथेच राहिला. थोड्या वेळाने ह्यांनी मला विचारलं, "कशासाठी थांबलोय?"

४ एप्रिल

गणवेशवाला येऊन चांगला बिल्ला नमुना म्हणून घेऊन गेला. मोठ्या कारखान्यातली पोरं त्यावरून दुपारपर्यंत होडी बसवतील म्हणाला. म्हणजे चित्र काही जगातून गेलं नाही, आमच्यातून गेलं. माणूस वाईट नाही. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आता आराम करा." हे म्हणाले, "कॉम्प्युटर नीट झाला की कळवतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघत होते.

९ एप्रिल

परवा लेक आली. न सांगता आली, रजा टाकून. काल आम्ही तिघं डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरबाईंनी ह्यांना घड्याळ काढायला सांगितलं. ह्या माणसाने वाळूच्या दाण्याएवढ्या अक्षरांची भरतकामं केलीत, डोळे मिटून गोल काढला असता. गोल काढलासुद्धा, सुंदर काढला. आकडे सगळे एका बाजूला घातले आणि काटे विसरले. मग कागद बाईंना परत देताना हसून म्हणाले, "बंद पडलंय."

बाईही हसल्या. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही. विचारलं मी, ह्याला काही बदलून घालता येतं का. एवढं काय काय निघालंय बाजारात. त्या म्हणाल्या, नाही. गोळ्या देऊ, वेग कमी करता आला तर करू. कमी म्हणजे किती, तेही नक्की सांगता येत नाही. आणि हा उतार चढता येत नाही.

लेक रिक्षात रडत होती. हे तिच्या पाठीवर थोपटत होते आणि मला खुणेने विचारत होते, हिला काय झालं?

घरी आल्यावर लेकीवर मी तोंड सोडलं. तुला माहीत होतं तर आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगत होते गं आई. तू कॉम्प्युटरचंच बोलायचीस." खरं आहे. मला सगळं दिसत होतं, रिळं दिसली, तारा दिसला, एवढ्या होड्या दिसल्या. जावयाच्या माथी मारलं आणि मोकळी झाले. कॉम्प्युटर बिघडला की माणूस आणता येतो.

१२ एप्रिल

लेक गेली. परत येईन म्हणाली, येईलही.

हे रोज सकाळी कारखान्यात जातात. सवत बंद आहे, काम नाही, तरी जातात. बटण दाबतात. तो निर्लज्ज एका क्षणात उठतो आणि उभा राहतो. मग हे त्याच्यासमोर बसतात, शाळेत फळ्यासमोर उभं केलेल्या पोरासारखे. मान खाली. कपाळावर घाम येतो. मी बटणच काढून टाकते म्हटलं, पण मग जातील कुठे? परवा चेहरा बघवला नाही मला. मी आत येऊन पदर तोंडात कोंबून रडले, एवढी की शेजारीण विचारायला आली.

कॉम्प्युटरवालीला फोन केला. म्हटलं, "ती जुनी डिस्क अजून आहे का?"

"आहे. पण कोरी आहे काकू, सांगितलं ना, होडी मिळणार नाही."

"होडी नको. ती डिस्क परत बसवा."

"म्हणजे एसएसडी काढून?" ती म्हणाली. "अहो, लोक हळू म्हणून फास्ट करून घेतात. उलटं आजवर कोणी करून घेतलं नाही माझ्याकडून. त्या डिस्कमध्ये खराब जागा आहेत. कटकट करेल. तासभर उठणार नाही, मधेच अडकेल."

"अडकू दे," मी म्हटलं. "अडकायलाच हवीय."

मग म्हणाली, दोन-तीन दिवसांत येते.

१६ एप्रिल

काल कॉम्प्युटरवाली जुनी डिस्क बसवून गेली, नव्यातलं सगळं परत तिच्यात उतरवून. ती बिस्किटाएवढी डिस्क माझ्या टेबलाच्या खणात ठेवलीय, बटणांच्या डब्यात. कधी लागणार आहे असं नाही.

सकाळी हे गेले, मी मुद्दाम मागे राहिले. बटणाचा आवाज आला. मग पंखा, आणि मग ती कटकट, कटकट, काटा जागा शोधत फिरतोय. मी चहा ठेवला. उकळला, गाळला. दोन कप घेऊन गेले. हे खुर्चीत मागे रेलून बसले होते, पाय पसरून, आणि पडदा काळा होता. मला बघून म्हणाले, "जावई उठला नाही अजून."

किती दिवसांनी ह्यांनी ते नाव घेतलं!

"असू दे," मी म्हटलं. "रात्री उशिरा झोपला असेल."

हसले. आम्ही चहा प्यायलो. मशीनवर चादर टाकलीय, तिच्याकडे बघून म्हणाले, आज हा उठला की होडी बसवतो, शाळा सुरू व्हायच्या आधी द्यायच्यात. मी म्हटलं, हो, द्यायच्यात. शिडापासून सुरू करतो, म्हणाले, आणि हवेत बोटाने शीड काढलं. तळ काढताना बोट थांबलं, तिथेच घुटमळलं, मग गुडघ्यावर आलं. मी दुसरीकडे बघितलं.

कटकट थांबली. पडद्यावर उजेड आला, एकेक चित्र यायला लागलं. मी कप घट्ट धरून बसले होते. वाटलं, आता. हे पुढे वाकले, ते सगळं बघितलं, बराच वेळ. मग हात पुढे केला आणि बटण दाबून बंद केला.

पडदा काळा झाल्यावर परत चालू केला आणि मागे रेलले.

"सुरू होतोय," म्हणाले.

मी दोन्ही कप उचलले आणि आणखी चहा ठेवायला आत आले.